दुधाच्या पावतीवरचं जग

जागतिक भान आणि शाश्वतता हे विषय शिक्षकांना शिकवायला निघालेल्या प्रशिक्षकाची पहिली अडचण शब्दांपासून सुरू होते. ‘वैश्विक नागरिकत्व’, ‘शाश्वत विकास ध्येये’ हे शब्द परिपत्रकातून उतरतात, सभागृहातल्या बॅनरवर चढतात आणि प्रशिक्षण संपलं की बॅनरबरोबरच गुंडाळून कपाटात जातात. या क्षेत्राचा मूळ कागद म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेल्या सतरा ध्येयांपैकी चौथ्या ध्येयातलं सातवं लक्ष्य. शाश्वत जीवनशैली, मानवी हक्क, स्त्री-पुरुष समता, शांतता आणि जागतिक नागरिकत्व यांसाठी लागणारं ज्ञान व कौशल्यं प्रत्येक विद्यार्थ्याला २०३० पर्यंत मिळावीत, असं ते सांगतं. याला नाही कोण म्हणेल? पण ज्या वाक्याला कुणाचीच हरकत नसते, त्यावर पाचवीच्या वर्गात पस्तीस मिनिटांचा तास घेता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगर-कोडोलीच्या पट्ट्यात हे काम करायचं असेल तर सुरुवात पृथ्वीच्या गोलापासून करू नका, घरात येणाऱ्या कागदांपासून करा. दुधाची पावती, उसाचं बिल, पाणीपट्टी, पुराची नोंद. जग या कागदांवर आधीच येऊन बसलेलं आहे. ते शिक्षकाला वाचता यावं आणि त्याने ते मुलांकडून वाचून घ्यावं, एवढंच प्रशिक्षकाचं काम. पुढे जे काही सांगणार आहे ते या एका मुद्द्यासाठी.

हा मुद्दा केवळ आवडीचा नाही. युनेस्को आणि एज्युकेशन इंटरनॅशनल यांनी २०२१ साली जगभरातल्या सुमारे ५८ हजार शिक्षकांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हवामानबदलाचं गांभीर्य शिकवणं महत्त्वाचं आहे, असं ९५ टक्के शिक्षक म्हणाले. ते शिकवण्याचा आत्मविश्वास असलेले ४० टक्क्यांहून कमी निघाले. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. आपल्या भागावर, आपल्या गावावर होणारे परिणाम नीट समजावून सांगता येतील, असं वाटणारे शिक्षक एक तृतीयांशाच्या आसपासच होते. म्हणजे विषय पटलेला आहे आणि इच्छाही आहे. अडतं ते गावाजवळ आल्यावर. ध्रुवावरचं अस्वल सांगता येतं, पण आपल्या शिवारातली क्षारपड जमीन सांगताना शब्द सुचत नाहीत. असं असताना बहुतेक प्रशिक्षणांचा सगळा वेळ अस्वलावर जातो. शिक्षकाजवळ जे आहे तेच त्याला पुन्हा वाढायचं आणि जे नाही ते वगळायचं, अशी ही पंगत आहे.

वारणानगरच्याच इतिहासात याचा एक धडा आहे, आणि तो शिक्षणाबाहेरचा असल्यामुळे अधिक उपयोगी आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने इथे साखर कारखाना उभा राहिला, १९६४ साली महाविद्यालय आलं, १९६८ साली दूध संघ आला, पुढे वारणा बझार आला. सहकाराची अशी घडी बसलेली असताना १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू केला. आसपासच्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रं उघडून शेतकऱ्याला पीकसल्ला, बाजारभाव, सरकारी योजना, जगभरची माहिती द्यायची, अशी ती कल्पना होती. देशभर तिचं कौतुक झालं. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातल्या अभ्यासकांनी त्या केंद्रांचा प्रत्यक्ष वापर पाहिला, तेव्हा लोक तिथे मुख्यतः कारखान्याशी असलेल्या व्यवहारासाठी येत असल्याचं दिसलं. उसाचं वजन किती भरलं, तोड कधी, बिल जमा झालं का. हेच प्रश्न साध्या मोबाइलच्या एसएमएसवर सोडवता येतील का, याचा प्रयोग त्यांनी केला आणि तो कमी खर्चात चालला. जगाची माहिती गावात आणून ठेवली म्हणून गाव तिच्याकडे वळत नाही. ज्या कागदावर घरचा पैसा अवलंबून आहे त्या कागदाकडे वळतं. प्रशिक्षकाने हे आधीच धरून चालावं.

तेव्हा पहिलं सत्र पावतीचं. आदल्या दिवशी शिक्षकांना निरोप द्या: येताना घरची, शेजारची किंवा वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरची डेअरीची पावती आणा, नाव झाकून आणली तरी चालेल. निम्म्याहून अधिक शिक्षकांकडून पावत्या निघतील, कारण या भागात शिक्षकाच्या स्वतःच्या दारात म्हैस असणं ही नवलाची गोष्ट नाही. पावतीवर तारीख असते, सकाळ की संध्याकाळ ते असतं, लिटर असतात, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ), दर आणि रक्कम. पाच-पाच जणांचे गट करा आणि सुरुवातीला फक्त वाचायला सांगा. म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ धरून बोलला जातो, गाईचा ३.५ आणि ८.५ धरून, फॅटचा एक दशांश घसरला की रकमेत किती फरक पडतो, हे सहावीच्या मुलांनी काढावं असं गणित आहे. मग दुसरा प्रश्न: फॅट का घसरली? इथून वैरण येते, पेंड येते, पाणी येतं, उन्हाळा येतो. तिसरा प्रश्न: पेंड कुठून आली? सरकी पेंड म्हणजे कापूस, म्हणजे विदर्भ-मराठवाडा, म्हणजे कोरडवाहू शेती आणि कापसाचा जागतिक बाजार. चौथा प्रश्न गाईच्या दुधावाल्यांना विचारा: मध्येच दर का पडतो? इथे कोणीतरी दूध पावडरचं नाव काढतोच. जादा दुधाची पावडर होते, पावडरचा भाव आंतरराष्ट्रीय बाजारात पडला की इथल्या खरेदीदरावर दाब येतो, आणि मग २०१८ किंवा २०२४ सारखं राज्य सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर करावं लागतं. न्यूझीलंड हा देश दुधाच्या व्यापारात इतका मोठा का आहे, हा भूगोलाचा प्रश्न आता कुणालाही परका वाटत नाही.

पाचवा प्रश्न सगळ्यात अवघड, म्हणून तो चहानंतर घ्या. पहाटे उठून धार कोण काढतं, शेण कोण काढतं, वैरण कोण आणतं, आणि खातं कुणाच्या नावावर आहे? शिक्षकांना गप्प बसू द्या. घाई करून ‘स्त्री-पुरुष समता’ हा शब्द फळ्यावर लिहू नका. लिहिलात की चर्चा संपते, कारण त्या शब्दावर काय बोलायचं हे सगळ्यांना पाठ आहे. त्याऐवजी एक तक्ता करून घ्या: गोठ्यातल्या कामांची यादी, प्रत्येक कामाला लागणारी मिनिटं, आणि ते करणारं माणूस. तास संपेपर्यंत शिक्षकांच्या हातात गणित, भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्र यांचा मिळून एक धडा आलेला असतो. चौथ्या ध्येयाचं सातवं लक्ष्य सांगायचं असेल तर ते आता सांगा. दोन मिनिटं पुरतात, आणि ऐकणाऱ्याला त्यातलं प्रत्येक कलम पावतीवर दाखवता येतं.

हेच साखरेबाबत करता येईल, फक्त तिथली साखळी लांब आहे आणि प्रशिक्षकाला तयारी जास्त लागते. २०२३ साल घ्या. प्रशांत महासागराचं पाणी तापलं, एल निनो आला, आणि त्या वर्षीचा ऑगस्ट भारतात शंभर वर्षांहून अधिक काळातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. महाराष्ट्र-कर्नाटकात ऊस कमी येणार असा अंदाज झाला, साखरेची निर्यात थांबली, डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध घातले आणि ज्या कारखान्यांनी आसवनीवर कर्ज काढलं होतं त्यांची गणितं विस्कटली. पेरूच्या किनाऱ्यापासून निघालेली ही गोष्ट कोडोलीच्या शेतकऱ्याच्या बिलापर्यंत येते, आणि वाटेतला प्रत्येक टप्पा शाळेच्या कुठल्या ना कुठल्या पुस्तकात आहे. २०१९ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या ऊस-साखर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. २०२१च्या डिसेंबरमध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला आणि भारताने अपील केलं. ‘रास्त आणि किफायतशीर दर’ हा शब्द इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे; त्या दरावर जिनिव्हात वाद झाला, हे किती घरांत माहीत आहे? नववीच्या वर्गात दोन गट पाडून, एक ब्राझीलचा आणि एक भारताचा, हा वाद घडवून आणता येतो. ब्राझीलच्या बाजूने बोलायला लागलेला वारणेकाठचा मुलगा त्या दिवशी जे शिकतो, ते शांततेवरच्या निबंधातून येत नाही.

पण साखरेच्या धड्याला दुसरी बाजू आहे, आणि ती टाळली तर सगळा खटाटोप फुकट. हंगाम सुरू झाला की बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, माणसं मोजायचं हे एकक जरा थांबून ऐकण्यासारखं आहे. त्यांची मुलं खोपीत राहतात, वाढं गोळा करतात, लहान भावंडं सांभाळतात, आणि शाळेत आली तर मागच्या बाकावर बसतात. जागतिक शिक्षणाच्या पुस्तकांत स्थलांतरित, निर्वासित यांवर भरपूर मजकूर असतो. इथे त्यासाठी सीरियाला जायची गरज नाही. मात्र इथे सावध राहा: त्या मुलाला उभं करून ‘तुझं जीवन सांग’ असं म्हणणारा शिक्षक हे प्रशिक्षणाचं अपयश आहे. मुलाला धड्याचा विषय करू नका, वर्गाचा भाग करा. उसाबद्दल त्याला जे माहीत आहे, म्हणजे मोळी कशी बांधतात, एका खेपेला किती टन बसतो, कोणत्या जातीचं पाचट हाताला जास्त कापतं, ते बागायतदाराच्या मुलाला माहीत नसतं. या ज्ञानाला गटात जागा कशी मिळेल, याची तालीम प्रशिक्षणातच व्हायला हवी.

आता नदी. वारणा चांदोलीच्या जंगलातून निघते, ३४.४० टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या धरणात अडते, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची हद्द आखत हरिपूरजवळ कृष्णेला मिळते. तिच्या उगमाचं जंगल २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ही झाली पोस्टरवरची माहिती. त्याच जंगलासाठी आणि त्याच धरणासाठी जी गावं उठली, त्यांच्या वसाहती खाली हातकणंगले, शिरोळ, वाळव्यात आहेत. काहींच्या मुलांना तुमचे प्रशिक्षणार्थी शिकवत असतील. वारसा कुणाचा आणि किंमत कुणी मोजली, हा प्रश्न शाश्वततेच्या शिक्षणाचा गाभा आहे, आणि तो इथे एका तालुक्याच्या अंतरात उभा आहे. तसंच पाण्याचं. इचलकरंजीला वारणेतून पाणी द्यायची योजना आली तेव्हा दानोळीसह नदीकाठच्या गावांनी तिला विरोध केला. शहराला तिथून पाणी हवं होतं कारण पंचगंगा दूषित झाली होती, आणि ती दूषित व्हायला शहराचं सांडपाणी आणि उद्योग यांचाही हातभार होता. पुढे योजना दूधगंगेवर सुळकूडला नेली, तर तिथेही विरोध झाला. यात खलनायक सापडत नाही. तहानलेलं शहर खरं आहे आणि नदी आटण्याची भीतीही खरी आहे.

अशा वादात प्रशिक्षकाने काय करावं, हे स्वतंत्रपणे सांगायला हवं, कारण बहुतेक जण इथेच पाय मागे घेतात. पुराचं उदाहरण घ्या. २०१९ आणि २०२१ चे पूर इथल्या प्रत्येक मुलाच्या घरात बोलले जातात. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे पूर येतो असं एक ठाम मत आहे. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला कारण न मानता अतिवृष्टी आणि नदीपात्रातल्या अडथळ्यांकडे बोट दाखवलं; ते अनेकांना पटलेलं नाही. या धरणाची उंची वाढवण्याच्या कर्नाटकाच्या प्रस्तावाला सांगली-कोल्हापुरात विरोध सुरूच आहे. शिक्षकाने वर्गात निकाल देऊ नये. निकाल कसा तपासायचा ते दाखवावं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे पावसाळ्यात रोज बातमीत येतात. मुलांनी ते आकडे वहीत उतरवावेत, त्याच दिवशी शाळेत मोजलेला पाऊस शेजारी लिहावा, धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा तिसऱ्या रकान्यात. पावसाचं माप म्हणून सरळ भिंतींची कोणतीही बाटली चालते; खाली निमुळती होणारी चालत नाही, आणि का चालत नाही हा स्वतःच एक तास आहे. दोन महिन्यांनी तीन रकाने समोर ठेवून ‘पाऊस पडल्यावर किती दिवसांनी पाणी चढलं’ असं विचारा. उत्तर अपुरं येईल. अपुरं उत्तर घेऊन बसायची सवय ही या शिक्षणाची मोठी कमाई आहे, आणि ती शिक्षकाला नसेल तर मुलाला लागणार नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वारणा खोऱ्यात शिक्षक उसाच्याच जिवावर शिकलेला असतो. त्याची संस्था, पतपेढी, भावकी, कधी कधी नोकरीसुद्धा सहकाराच्या त्याच वर्तुळात असते. उसाला पाणी किती लागतं, क्षारपड का वाढली, पाचट का जाळतात, असे प्रश्न त्याने वर्गात काढावेत ही अपेक्षा बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाला सोपी वाटते. तो संध्याकाळच्या एसटीने परत जाणार असतो. हे मान्य करूनच पुढे जायला हवं. माझ्या मते यातली सुटका प्रश्नाच्या घडणीत आहे. ‘ऊस वाईट आहे का’ हा प्रश्न शिक्षकाला अडचणीत टाकतो आणि शिकवतही काही नाही. ‘पाटाने आणि ठिबकने एका सरीला किती पाणी लागतं ते मोजा’ हा प्रश्न कुणालाच टोचत नाही, आणि त्याचं उत्तर शेतकऱ्यालाही हवं असतं. पाचट जाळलेला आणि पाचट ठेवलेला असे खोडव्याचे दोन तुकडे शेजारी असतील तर मातीचा ओलावा हाताने पाहता येतो. गावातला मोठा बागायतदार अशा मोजणीला अनेकदा स्वतःहून रान देतो. टीका करायला जागा उरत नाही असं नाही. ती आकड्यांच्या मागून येते आणि मुलं ती घरी जाऊन आपल्या शब्दांत बोलतात. जिथे एखादा प्रश्न शिक्षकाच्या पोटावर येईल असं दिसतं, तिथे तो प्रश्न त्याच्यावर लादू नका. धाडस दुसऱ्याच्या खर्चाने करायचं नसतं.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. गावच्या कागदांतच रमलो तर मुलं गावापुरतीच उरतील, मग ‘जागतिक’ कुठे राहिलं? हा धोका खरा आहे. पावतीचं सत्र ‘आपली वारणा, आपलं दूध’ असं अभिमानगीत होऊन संपू शकतं. म्हणून प्रत्येक कागदाला एक धागा बाहेर जाणारा हवा आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला खरी माणसं हवीत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. २०२५च्या जूनमध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या तेव्हा इथे संताप झाला. त्या संतापाबरोबर ‘चपलेचं कातडं कमावणारा कोण, त्याला त्या मानांकनातून काय मिळालं’ हेही विचारता आलं तर तो धडा जागतिक होतो. नाहीतर तो नुसता आपला-त्यांचा होतो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. वैर असलेल्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलतं करण्याचा त्यांचा उपक्रम आणि बक्षिसाची अर्धी रक्कम इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटणं, या दोन गोष्टी बातमीत आल्या. प्रशिक्षणात त्यांचं नाव घ्याच, पण भाषणासाठी नको. दुसऱ्या देशातल्या वर्गाशी बोलायची वेळ आली तर आपली मुलं कोणता प्रश्न विचारतील, हे आधी लिहून घ्या. ‘तुमच्याकडे दूध कोण काढतं?’ हा प्रश्न ‘तुमच्या देशाचा राष्ट्रीय पक्षी कोणता’ याहून पुष्कळ पुढचा आहे.

आता प्रशिक्षणाच्या पद्धतीकडे, कारण विषय कितीही चांगला असला तरी तो पोहोचतो की नाही हे पद्धतीवर ठरतं. आपल्याकडची रूढ रीत पायऱ्यांची आहे: राज्याने जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला शिकवायचं. पुण्यात दहा दिवसांचं असलेलं प्रशिक्षण केंद्रशाळेत येईपर्यंत दीड दिवसाचं होतं, आणि त्यातही हजेरी, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपसाठी फोटो आणि जेवण. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या दशकातच दाखवलं होतं की नुसतं ऐकून आणि प्रात्यक्षिक पाहून शिक्षकाच्या वर्गात फारसं काही जात नाही. वर्गातच सोबत करणारं कुणी असेल तर जातं. अ‍ॅना पोपोव्हा, डेव्हिड इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या प्रशिक्षणांचा आढावा घेतला. विशिष्ट विषयावर नेमकं काम, प्रशिक्षणातच एकमेकांसमोर धडा घेऊन पाहणं आणि सुरुवातीचं समोरासमोरचं शिक्षण यांचा विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी संबंध दिसला. मोठ्या सरकारी कार्यक्रमांत नेमक्या याच गोष्टी कमी आढळल्या. कोल्हापूरला हे सांगायला परदेशी संशोधनच हवं असं नाही. अध्यापक महाविद्यालयात काम केलेल्या लीलाताई पाटील यांनी १९८५ साली शहरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं ते याच जाणिवेतून, की शिक्षक घडतो तो मुलांबरोबर प्रत्यक्ष काम करताना.

म्हणून आकडा लहान ठेवा. दोनशे शिक्षकांचा मेळावा मागणारा अधिकारी भेटेल. त्याला नम्रपणे पंचवीस सांगा, आणि त्या बदल्यात वर्षात प्रत्येकाच्या शाळेला दोन भेटी कबूल करा. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने शिक्षकाला वर्षाला ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास सांगितला आहे. ते तास सलग एका आठवड्यात संपवण्यापेक्षा महिन्याच्या शिक्षण परिषदेला जोडून घेता येतात का, हे केंद्रप्रमुखाशी बसून ठरवा. केंद्रप्रमुख हा या सगळ्यातला कळीचा माणूस आहे. त्याला पहिल्या दिवशी पाहुणा म्हणून दीपप्रज्वलनाला बसवू नका, पावतीच्या गटात बसवा.

वेळेचा आक्षेप मात्र पूर्णपणे खोडता येत नाही. मतदारयाद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, परीक्षा यांत शिक्षक पिचलेला आहे, आणि आणखी एक उपक्रम म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी पडते ती रास्तच आहे. प्रशिक्षकाने एवढंच पाळावं: नवा तास मागायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या खटल्यात पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश दिले तेव्हापासून हा विषय पुस्तकांत आहेच. तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा आहे, सहावी-सातवीच्या गणितात सरासरी आणि शेकडेवारी आहे. पावतीचा धडा सरासरीच्या जागी बसतो, तिच्या शेजारी नाही. कोणत्या इयत्तेच्या कोणत्या धड्याऐवजी हे घ्यायचं, हे प्रशिक्षणात शिक्षकाकडूनच लिहून घ्या. तुम्ही तयार तक्ता वाटलात तर तो घडी करून खिशात जाईल.

ज्यांना हे काम पेशा म्हणून करायचं आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. रस्ते तीन-चारच आहेत: शिक्षक असाल तर तालुक्यातून साधन व्यक्ती किंवा तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून (डायट), अध्यापक महाविद्यालयातून, किंवा स्वयंसेवी आणि अभ्यास संस्थांतून. पर्यावरण शिक्षणात १९८४ पासून काम करणारं सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन आणि पुण्यातली भारती विद्यापीठाची १९९३ साली सुरू झालेली पर्यावरण शिक्षण संस्था इथे साहित्य आणि अभ्यासक्रम दोन्ही मिळतात. २००९ साली बीडमध्ये सुरू झालेला मूल्यवर्धन कार्यक्रम पाहा. घटनेतली मूल्यं रोजच्या गटकामात कशी उतरवायची, याचा तो मराठी शाळांतला मोठा प्रयोग आहे. मानधन थोडं असतं आणि उशिरा येतं. वर्गात शिकवण्याचा अनुभव नसेल तर या वाटेला लागण्याआधी दोन-तीन वर्षं शाळेत काढा. शिक्षक पहिल्या दहा मिनिटांत ओळखतात. आणि भाषा सांभाळा. ‘कार्बन पदचिन्ह’ म्हणण्यापेक्षा ट्रॅक्टरला डिझेल किती जळलं हे विचारा, शब्द मागून आला तरी चालतो.

शाळाभेटीला जाल तेव्हा भिंतीवरचे तक्ते पाहू नका, ते तुमच्यासाठी लावलेले असतात. मुलांच्या वह्या मागा. प्रश्न कुणाच्या अक्षरात आहेत ते पाहा: सगळ्या वह्यांत एकच वाक्य असेल तर ते फळ्यावरून उतरलं आहे, प्रत्येकीत वेगळं आणि चुकलेलं असेल तर काम सुरू झालं आहे. पावसाच्या नोंदींत मधले काही दिवस कोरे दिसतील. शिक्षक ओशाळून ते अंदाजाने भरायला सांगेल. भरू देऊ नका. त्या रकान्यात पेन्सिलीने एवढंच लिहून घ्या, की त्या दिवशी शाळेत पाणी आलं होतं आणि शाळा बंद होती.